मुका मध्यम

तुमच्या गावातल्या सभागृहाची किल्ली कोणाकडे असते, हे तुम्हाला माहीत आहे का?

माहीत नसेल तर लाजू नका. आमच्या गावातही कोणी कधी विचारलं नव्हतं. सभागृह बांधून तयार होतं. लोखंडी दाराला पितळी कुलूप होतं आणि भिंतीवर 'सांस्कृतिक सभागृह' अशी निळी अक्षरं होती. खिडकीच्या फटीला डोळा लावला की आतलं दिसायचं. मंडपवाल्याच्या खुर्च्या, खताची पोती, आणि एक मंच, ज्यावर कोणी कधी उभं राहिलं नव्हतं. उद्घाटन व्हायचं होतं. उद्घाटनाला मोठा माणूस यायचा होता. मोठ्या माणसाला वेळ नव्हता.

गावाचं नाव लिहीत नाही. कामरगावहून जीपने पुढे निघालं की लागतं, एवढं पुरे. तिथे तुमच्या गावाचं नाव टाकून वाचलंत तरी फार फरक पडणार नाही.

त्या सभागृहाचं दार पहिल्यांदा उघडलं ते इंदूमाय राऊतच्या शोकसभेसाठी. मंचावर तिचा मोठा फ्लेक्स होता, त्यावर लिहिलं होतं, 'अभावातून कला फुलवणारी'. सभागृह समितीचे अध्यक्ष बोलायला उभे राहिले. म्हणाले, "तिच्याजवळ काहीच नव्हतं, म्हणूनच ती एवढं करू शकली. अडचण हीच कलेची आई असते." लोकांनी टाळ्या वाजवल्या. शोकसभेत टाळ्या! नंतर कारंज्याहून आणलेल्या वाद्यवृंदाने तिचंच एक गाणं वाजवलं, आणि चुकीचं वाजवलं. ते चुकीचं कसं होतं हे पुढे येईल. माईक माझ्यापर्यंत आला नाही. म्हणून हे लिहिते आहे.

इंदूमाय माळ्याची. गावाला लागूनच तिची वाडी होती. वांगी, मिरच्या, मेथी, आणि सांबार, म्हणजे तुमची कोथिंबीर. सकाळी भाजीची गाठोडी जीपवर टाकून कारंज्याच्या बाजारात जायची, दुपारी परत. उंच बाई. दात तंबाखूने काळवंडलेले. आवाज असा की वाडीतून हाक मारली तर पांदणीतली बैलजोडी थांबावी. नम्रता तिला माहीत नव्हती. "माह्यावानी पेटी वाजवनारा पाच कोसात कोनी असीन तं आना समोर," असं ती भर बाजारात म्हणायची. आणि कोणी खरंच आणलं असतं तर हरल्यावर महिनाभर बोलली नसती.

तिला एक खोड होती. समोर येईल ते नखाने वाजवून पाहायची. हंडा, मोटारपंपाचा पाइप, जीपचा पत्रा, परक्या घरी गेली तर पाण्याचा पेला. कान तिरपा करायचा आणि निकाल द्यायचा. "गंधार हाय." "हा निषाद, पन पोचा पडला म्हून उतरला." एकदा जीपमध्ये पुढच्या सीटवर तालुक्याचे एक पुढारी बसले होते. त्यांचं तुळतुळीत डोकं बरोबर तिच्या हाताशी. तिच्या नाटकमंडळातली रेखा शेजारी होती, ती घाबरून कुजबुजली, "माय, हात आवर बरं!"

"वाजवाची गरजच नाई," इंदूमाय सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली. "पोकळ हाय हे दिसूनच राह्यलं."

गावातल्या बायांना घेऊन इंदूमाय नाटकं बसवायची. मी तिच्याकडे पहिल्यांदा गेले ती एक नाटक घेऊन. आमच्या घरात देवांच्या तसबिरींपेक्षा पत्रकांचे गठ्ठे जास्त. बाप मोर्च्यांची पत्रकं छापून आणायचा, आणि मी अक्षरं ओळखायला शिकले ती 'बंधूंनो आणि भगिनींनो' पासून. त्यामुळे नाटक लिहिलं तेही तसंच. विषय माझ्या पोटातला होता. आमच्याकडे बाप गेला की भाऊ बहिणीला माहेरी बोलावतो, चोळीबांगडी करतो, पुरणाचं जेवण घालतो आणि दुसऱ्या दिवशी तालुक्याला नेऊन हक्कसोडीवर तिचा अंगठा घेतो. वावरातला हिस्सा एका लुगड्यात सुटतो. बहीण रडत नाही, उलट सासरी जाऊन लुगडं दाखवते. माझ्या नाटकातली बहीण लुगडं घेते, जेवते, पण अंगठा देत नाही. पुढच्या भाऊबीजेला ती माहेरी येते तेव्हा दार उघडत नाही.

इंदूमाय वांग्यात निंदत होती, तण काढत. मान वर न करता म्हणाली, "वाच."

मी बांधावर उभी राहून वाचायला लागले.

"तठून नाई. इकडे ये. वाक. इळा घे. निंदता निंदता वाच."

"एका हातात कागद, एका हातात विळा, कसं जमेल?"

"माह्या बायाईले जमते."

मी वाकले. पहिलंच वाक्य माझ्या नायिकेचं होतं, 'पिढ्यानपिढ्या चालत आलेल्या या अन्यायाच्या शृंखला'. शृंखला पुऱ्या व्हायच्या आत तीन झाडं मागे पडली आणि मला धाप लागली.

इंदूमाय हसली नाही. म्हणाली, "आइक पोरी. एका झाडापासून दुसऱ्या झाडापर्यंत जे बोलून होते, थे वाक्य. बाकीचं भाषन. भाषनाले माह्यापाशी वेळ नाई."

ही तिची तालमीची पद्धत होती, आणि ती तिने हौसेने शोधलेली नव्हती. तिच्या मंडळात चार-पाच बाया. सकाळी बाजार, संध्याकाळी चुली, घरी सासवा. तालमीला कोणालाच वेळ नाही. एकत्र असायच्या त्या फक्त निंदणाला. म्हणून तालीम निंदताना. त्यामुळे तिच्या नाटकातली वाक्यं आखूड झाली, श्वासाएवढी. बाया बोलताना समोर बघायच्या नाहीत, खाली बघायच्या, आणि मग एखाद्या वाक्याला मान वर करायच्या. ती मान वर झाली की पाहणाऱ्याच्या अंगावर काटा यायचा. प्रयोगही दुपारी व्हायचे, बाजार आटोपल्यावर आणि चुली पेटायच्या आधी, शाळेमागच्या निंबाखाली. रात्री या बायांना कोणी घराबाहेर सोडलं नसतं.

नवं नाटक बसवायला घेतलं की तिचा पहिला प्रश्न असायचा, "काय काढाचं?"

काय घालायचं हे ती विचारायचीच नाही. एका नाटकातून तिने गाणी काढली. एकातून रडणं काढलं, कितीही दुःखाचा प्रसंग असो, कोणी डोळ्याला पदर लावायचा नाही. एकदा 'मी' हा शब्दच काढला, तेव्हा बाया वाडीत चिडून एकमेकींशीसुद्धा तसंच बोलायला लागल्या. "भूक लागली!" "कोनाले?" "कोनाले म्हंजे? हिले, इथं उभी हाय तिले!" माझ्या नाटकातून तिने काय काढलं ते सांगते. सगळे भाऊ काढले. दाराआडचा भाऊ दिसणार नाही, बोलणार नाही. फक्त दार.

"पण मग लोकांना कळेल कसं, आत कोण आहे ते?"

"ज्याईनं दार लावलं त्याईले कळते," ती म्हणाली.

आता पेटीचं सांगते, कारण शोकसभेत विटंबना झाली ती या पेटीतून निघालेल्या चालीची. ही पेटी इंदूमायने एका मोडलेल्या भजनी मंडळाकडून जुनी घेतली, तेव्हाच तिची एक पट्टी मुकी होती. मधल्या सप्तकातला मध्यम, म्हणजे सा रे ग म मधला म. दाबली की नुसती हवा. दुरुस्तीला अमरावतीला न्यावं लागलं असतं, आणि ते राहूनच गेलं. मग तिने मध्यम सोडून गाणी बांधायला सुरुवात केली. चाल गंधारापर्यंत चढायची आणि तिथून एकदम पंचमावर उडी घ्यायची, जशी पावसाळ्यात बाई पांदणीतला चिखल ओलांडते. मध्यम नसलेले राग आपल्याकडे आहेतच, त्यात चमत्कार नाही, हे तीच सांगायची. पण तिची उडी रागातली नव्हती, त्या पेटीतली होती. वर्षानुवर्षं ती ऐकून आमच्या गावाच्या गळ्याला तीच सवय लागली. निंदणाऱ्या बाया, पाळणा म्हणणाऱ्या आज्या, सगळ्या त्या जागी उडी मारतात.

मी एकदा शहाणपणा केला. "इंदूमाय, पट्टी बदलून वाजवा ना. सा दुसरीकडे धरला की मध्यम मिळेल."

"मंग मुकी पट्टी दुसऱ्या सुराच्या घरी जाईन," ती म्हणाली. "आडचन तठीच राह्यते पोरी, फक्त दार बदलते. त्यापेक्षा वळखीची बरी."

हे सगळं वाचून तुम्हीही म्हणाल, बघा, अडचणीतून कला कशी फुलली. थांबा. रेखाची गोष्ट ऐका.

रेखा मंडळातली सगळ्यात तयार बाई. एका नाटकात तिचं मुख्य काम होतं. प्रयोगाच्या आदल्या दिवशी तिच्या नवऱ्याने सांगितलं, बायको चारचौघांत दिसायची नाही. रेखा रडत आली. इंदूमायने तंबाखू मळला, तोंडात टाकला आणि विचारलं, "त्यानं काय म्हनलं? सबद सांग बरोबर."

"दिसाचं नाई म्हनलं."

"आइकू येऊ नको असं म्हनला का?"

"नाई."

निंबाखाली एक लुगडं आडवं बांधलं गेलं. रेखा त्याच्यामागे बसली. नाटकातली ती बाई शेवटपर्यंत दिसलीच नाही, फक्त लुगड्याआडून बोलत राहिली, आणि समोरच्या बाया तिला उत्तर देताना त्या लुगड्याकडे बघायच्या. अख्खं गाव त्या न दिसणाऱ्या बाईकडे श्वास रोखून बघत होतं. प्रयोग संपल्यावर मी धावत गेले. म्हटलं, "इंदूमाय, वा! काय युक्ती काढली! त्या बंदीमुळेच नाटक उभं राहिलं."

तिने माझ्याकडे असं पाहिलं की मला अजून आठवतं.

"वा कायले म्हनतं? आतमंदी थे पोरगी रडून राह्यली होती. तिचं तोंड कोनी पाह्यलं का? लय तयारी केली होती तिनं तोंडाची." ती थुंकली. "मी काढते थे अलग. लोकं हिसकतात थे अलग. हिसकलेल्याले वा म्हनू नको. उद्या थे आनखी हिसकतीन, अन म्हनतीन, वा म्हनत होती ना तू."

मी पुष्कळ पत्रकं वाचली आहेत. त्यातलं एकही वाक्य माझ्या मनात एवढं खोल रुतलेलं नाही.

माझं नाटक निंदणात बसत आलं होतं, तेव्हा तिचा आवाज बसायला लागला. आधी तिने हसण्यावारी नेलं. मग हाक बांधापर्यंत पोचेना. अकोल्याला दाखवलं, तिथून नागपूर सांगितलं. घशात गाठ. शस्त्रक्रिया करावी लागेल, जीव वाचेल कदाचित, आवाज जाईल.

"तंबाखूनं नेला," ती घोगऱ्या आवाजात म्हणाली. "कोनी हिसकला नाई. मीच देला. याच्यावर काई कविता-बिविता करू नको."

नागपूरला जायच्या आधी हे नाटक व्हायलाच हवं, असं तिच्या मनाने घेतलं. दाराबाहेर उभ्या बहिणीचं काम तीच करणार होती. त्यात एक हाक होती, 'दादा, दार उघड'. पण निंबाखाली आता तिची हाक पहिल्या रांगेपलीकडे गेली नसती. माईक लावू म्हटलं तर तिने झटकलं. माईकवर तिचा राग होता, आणि तो राग नेहमी शहाणपणाचा होता असं नाही. मागे बसणाऱ्या म्हाताऱ्यांना कित्येकदा ऐकू यायचं नाही, त्या भांडायच्या, तरी ही बधायची नाही. आता मात्र तिचं म्हणणं वेगळं होतं.

"सभागृह पायजे," ती म्हणाली. आम्ही दोघी विहिरीच्या काठावर बसलो होतो. "जनमभर उघड्यावर गायली मी. उघड्यावर आवाज जाते, वापस येत नाई. चार भिताडाच्या आत आपला आवाज वापस कसा येते, थे मले मालूमच नाई. एकडाव आइकाचा हाय. मंग ने म्हना नागपूरले."

एवढंच हवं होतं तिला. स्वतःचा आवाज, जायच्या आधी, भिंतींवरून परत आलेला. त्यासाठी एका दुपारपुरती किल्ली.

किल्ली अध्यक्षांकडे. त्यांचं बी-बियाण्याचं दुकान होतं. आम्ही गेलो तर त्यांनी स्वतः खुर्ची ओढून दिली, चहा मागवला. हे आवर्जून लिहिते, कारण दार लावणारी माणसं उर्मट असतात असा आपला गैरसमज असतो. किल्ल्यांचा जुडगा त्यांच्या डोक्यामागे खिळ्याला लटकत होता.

"इंदूमाय, तुमाले कायले पायजे सभागृह?" ते हसून म्हणाले. "तुमाले तं झाडाखाली बी जमते. तुमची खासियतच थे हाय. पेपरात बी आलं होतं तसं."

"जमते, म्हून जनमभर झाडाखालीच बसू का?"

"तसं नाई व. पन उद्घाटन बाकी हाय."

"आमी करतो उद्घाटन. निंबू कापाले काय लागते?"

दुकानातली माणसं हसली. अध्यक्षही हसले. मग त्यांनी विचारलं, "नाटक कोन्या विषयावर हाय?"

"बहिनीच्या हिस्स्यावर."

हसणं थांबलं नाही, पण पातळ झालं. "काहून घराघरात भांडनं लावता, माय? सनासुदीले लेकीबाळी येतात, गोडधोड खाऊन जातात. चाललं हाय थे बरं हाय ना?"

"बरं कोनाचं चाललं हाय, थेच तं नाटक हाय."

"पाहू," ते म्हणाले. आमच्या भागात 'पाहू' म्हणजे काय ते तुम्हाला माहीत आहे.

उठताना इंदूमायने सवयीने हात लांब करून खिळ्यावरच्या जुडग्याला नख लावलं. किल्ल्या किणकिणल्या. तिने कान तिरपा केला. अध्यक्षांनी जुडगा काढून गल्ल्यात टाकला.

आम्ही पुन्हा गेलो. तेव्हा रंगकाम निघालं होतं. पुन्हा गेलो, तेव्हा ते स्वतः वाशिमला गेले होते. मी पत्रक काढलं, जीप थांब्यावर वाटलं. लोकांनी वाचलं, घडी घालून खिशात ठेवलं. दर खेपेला इंदूमायचा आवाज थोडा कमी झालेला असायचा. शेवटच्या वेळी ती बोललीच नाही, माझ्या कानाशी येऊन कुजबुजली आणि मी ते मोठ्याने सांगितलं. मग नागपूरची तारीख आली आणि ती गेली.

ती तिकडे असताना बायांनी एक प्रेमाची चूक केली. माय परत येईल, तिला आवाज नसेल, निदान पेटी तरी धड असावी, असं रेखाच्या मनात आलं. त्यांनी वर्गणी करून पेटी अमरावतीला पाठवली आणि मुका मध्यम बोलका करून आणला.

इंदूमाय परत आली ती गळ्याला पांढरं फडकं बांधून. त्यामागे भोक होतं, त्यातून श्वास शिट्टीसारखा यायचा. बायांनी पेटी पुढे ठेवली. तिने भाता मारला, सा धरला, चढत गेली. गंधारानंतर रेखाने तिचं बोट धरून त्या पट्टीवर ठेवलं. मध्यम वाजला, स्वच्छ, नवाकोरा. बाया टाळ्या पिटून हसल्या.

इंदूमायने हात काढून घेतला. मग रेखाच्या गालावरून बोटं फिरवली आणि मान हलवली, चांगलं केलं. पण जुनी गाणी वाजवताना तिचं बोट त्या पट्टीवरून उडी मारूनच जात राहिलं, जणू तिथे अजून खड्डा होता. रेखा मला बाजूला घेऊन म्हणाली, "आपलं चुकलं का व? तिच्या घरात परका मानूस आनून बसवल्यावानी वाटून राह्यलं मले."

त्यानंतर ती पेटीवरच बोलायची. 'हो' म्हणजे सा. 'नाही' म्हणजे भात्यातली नुसती हवा. शिवी द्यायची झाली तर सगळ्या पट्ट्या एकदम. निंदताना पेटी बांधावर असायची आणि कोणाचं वाक्य लांबलं की तिकडून शिवी यायची. म्हणजे नाटक चालू होतं. तिने सोडलं नव्हतं. बहिणीचं काम रेखाला दिलं. या वेळी नवऱ्याने काही म्हटलं नाही. का ते मला माहीत नाही. इंदूमायचा गळा बघून त्याचा गळा बसला असावा.

"पण हाक?" मी विचारलं. "दादा, दार उघड, हे रेखा म्हणेल?"

भात्यातून हवा.

"मग कोण?"

पुन्हा हवा. ते वाक्यच ती काढून टाकणार होती. मी वाद घातला. माझ्या नाटकातलं तेवढं एकच वाक्य तिने जसंच्या तसं ठेवलं होतं. तिने सगळ्या पट्ट्या एकदम दाबल्या.

मग तिने हाताने दाखवलं, प्रयोग कुठे होणार ते. निंबाखाली नाही. सभागृहाच्या पायऱ्यांवर, बंद दारासमोर.

भाऊबीज उलटल्यावरच्या एका दुपारी प्रयोग झाला. माहेरी आलेल्या लेकी अजून गावातच होत्या. लोक पायऱ्यांसमोर मातीत बसले. अध्यक्षही आले होते, रस्त्याच्या कडेला मोटारसायकल उभी करून, खाली न उतरता. रेखा नवं लुगडं नेसून पायऱ्या चढली. वाक्यं आखूड, एका झाडापासून दुसऱ्या झाडाएवढी. मान खाली.

"दादा, फराळाचं आनलं."

दार.

"तुह्या पोराले झबलं आनलं."

दार. पितळी कुलूप उन्हात चमकत होतं. दुसरा कुठला पडदा नव्हता, नेपथ्य नव्हतं, आणि खरं सांगते, याहून खरं दार आम्हाला कुठेच मिळालं नसतं. हे वाक्य लिहिताना मला माझीच भीती वाटते. कारण हे वाक्य अध्यक्षांना फार आवडेल.

रेखाने दारावर हात ठेवला. हाकेची जागा आली. पेटीवर इंदूमाय गंधारापर्यंत चढली. आमच्या सगळ्यांच्या कानांनी सवयीने पंचमाची उडी घेतली, पण पेटीने ती मारली नाही. तिचं बोट मध्यमावर आलं आणि तिथेच थांबलं.

त्या पेटीतून, त्या बाईने स्वतःहून वाजवलेला, तो सूर आम्ही कधीच ऐकला नव्हता. मध्यमावर थांबलं की काहीच पुरं झाल्यासारखं वाटत नाही. ती भाता मारत राहिली आणि तो एकच सूर वाजत राहिला, ओढलेला, उघडा. रेखाची मान वर झाली. समोर बसलेल्या लेकींपैकी एकीने पदर तोंडात कोंबला.

मग प्रेक्षकांतून एक म्हातारी उठली. गावचीच लेक, भाऊबीजेला आलेली. तिच्याबद्दल मला एवढंच माहीत होतं की तिच्या भावाचं वावर मोठं आहे. नाटकात तिचं काम नव्हतं. ती हळूहळू पायऱ्या चढली, रेखाच्या शेजारी उभी राहिली आणि दारावर मूठ आपटली. एकदा, मग पुन्हा. कुलूप धरून हिसडलं. मग आल्या पावली खाली गेली आणि आपल्या जागी बसली.

तिच्या मुठीचा आवाज आत घुमला. रिकाम्या मंचावर आदळून, खताच्या पोत्यांवरून, तो दाराशी परत आला. सभागृहाचा आवाज आम्ही सगळ्यांनी पहिल्यांदा ऐकला तो असा. इंदूमायचा हात भात्यावरून सुटला. मध्यम संपला.

रस्त्यावर मोटारसायकल सुरू झाल्याचा आवाज आला. दार उघडलं नाही.

चार महिन्यांनी ती गेली. गाठ परत आली होती. मग शोकसभा, फ्लेक्स, टाळ्या, आणि तो वाद्यवृंद. त्यांनी तिच्या गाण्यात जिथे तिथे मध्यम भरला. त्यांना ती चूक वाटली असेल, कोणीतरी विसरून गेलेली जागा. ज्या सुरासाठी तिने आयुष्यभर जागा मोकळी ठेवली आणि एकदाच तो वापरला, तो त्यांनी प्रत्येक ओळीत सांडला. सभागृहाच्या भिंतींवरून तो छान परत येत होता. भिंती चांगल्या आहेत. तिचा आवाज तिथे चांगला वाजला असता.

मला मात्र ती दुपार आठवते. लोक पांगले होते. रेखा पेटी फडक्यात बांधत होती. इंदूमाय पायऱ्या चढून त्या दाराशी गेली. इकडेतिकडे पाहिलं नाही. लोखंडाला कान लावला आणि नखाने दार वाजवलं. थांबली. पुन्हा वाजवलं. आतून काहीतरी परत येत असावं, कारण तिने डोळे मिटले. गळ्यावरच्या फडक्यातून श्वासाची शिट्टी चालू होती. मग ती माझ्याकडे वळली आणि तिचे ओठ हलले. निकाल देत होती. गंधार, की निषाद, की ज्याला नावच नाही असं काही, ते मला कळलं नाही. पेटी बांधून झाली होती.

म्हणून तुम्हाला एकच मागणं आहे. आजच, हे वाचून झाल्यावर, तुमच्या गावातल्या सभागृहाची किल्ली कोणाकडे आहे ते विचारा. 'पाहू' म्हणाले तर तिथेच बसा. आणि मिळाली तर दार उघडा, गावातल्या ज्या बाईचा आवाज कायम उघड्यावर विरून गेला तिला आत घेऊन या, तिला मधोमध उभं करा, आणि तिची पहिली हाक भिंतींवरून परत येईपर्यंत कृपा करून टाळी वाजवू नका.